फलाट बदलला तरी गाडी तीच

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या बंद केल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठणठणीत चालणारे पुष्कळ संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. असा संगणक भंगारात घालवत नसेल, तर लिनक्स बसवणे हा चांगला मार्ग आहे, आणि अनेक जण तो धरतात. मिंट किंवा उबंटू यांसारखे लिनक्सचे वितरण बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पडदा ओळखीचा वाटतो, ब्राउझर तोच असतो, मराठी टंकलेखनही होते. मग माणूस आपल्या फाइली शोधायला जातो आणि पहिला प्रश्न येतो: माझा सी ड्राइव्ह कुठे आहे?

त्याचे उत्तर द्यायचे तर आधी 'सी' म्हणजे काय ते पाहावे लागते. डिस्कांना अक्षरे देण्याची पद्धत विंडोजच्या आधीची आहे. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीत ती होती, आणि तिथूनच ती डॉसमध्ये उतरली. १९८१ च्या आयबीएम पीसीत फ्लॉपीचे एक किंवा दोन ड्राइव्ह असत. ते ए आणि बी. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, तिला पुढचे मोकळे अक्षर मिळाले, सी. फ्लॉपी गेल्या, पण ए आणि बी यांची जागा आजही बहुतेक संगणकांवर रिकामी असते आणि मोजणी सी पासून सुरू होते.

या अक्षरांची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की त्यांच्यामागची एक महत्त्वाची गोष्ट दिसेनाशी होते. सी हे डिस्कचे नाव नसून डिस्कच्या एका विभागाचे नाव आहे. आपल्याकडे दुकानदार नवा संगणक देताना एकाच डिस्कचे सी, डी आणि ई असे तीन विभाग पाडून देत. 'महत्त्वाचे काम डीमध्ये ठेवा, म्हणजे विंडोज बिघडले तरी ते वाचेल' असा सल्लाही सोबत असे. विंडोज बिघडण्यापुरता तो सल्ला बरोबर आहे. डिस्कच बंद पडली तर मात्र तिन्ही अक्षरे एका क्षणात जातात. डी ही वेगळी डिस्क आहे असे समजून वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब तिथेच ठेवून, दुसरी प्रत न काढणारी कितीतरी घरे आणि कार्यालये आहेत. अक्षरांच्या पद्धतीने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे, असे मला वाटते.

लिनक्सने युनिक्सचा वारसा घेतला, आणि त्यात हा गोंधळ राहत नाही. तिथे यंत्राला एक नाव असते, त्याच्या विभागाला दुसरे, आणि त्या विभागातल्या फाइली जिथे दिसतात त्या जागेला तिसरे. फाइलींचे झाड एकच. त्याचे मूळ म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, आणि सगळे फोल्डर त्या मुळापासून फुटतात. नवी डिस्क जोडली की नवे झाड उगवत नाही, असलेल्या झाडावरच तिचे कलम बांधले जाते. पेन ड्राइव्ह लावल्यावर तो 'मीडिया' नावाच्या फोल्डरात आपल्या नावाखाली दिसतो तो यामुळेच. खुद्द यंत्रे 'डेव्ह' या फोल्डरात फाइलींच्या रूपाने मांडलेली असतात, आणि तिथेच आपल्याला एसडीए, एसडीबी१ अशी नावे भेटतात.

एसडीए१ हे नाव असे वाचायचे. पहिली दोन अक्षरे, एस आणि डी, यंत्राचा प्रकार सांगतात. तिसरे अक्षर अनुक्रम सांगते: पहिली सापडलेली डिस्क ए, दुसरी बी, तिसरी सी. शेवटचा आकडा त्या डिस्कवरच्या विभागाचा. आकडा नसेल तर आपण पूर्ण डिस्कबद्दल बोलत आहोत. झेडनंतर एसडीएए येते आणि रांग पुढे चालू राहते, त्यामुळे विंडोजसारखी २६ अक्षरांची मर्यादा नाही. सीडी ड्राइव्ह या रांगेत बसत नाही, त्याचे नाव एसआर०.

पूर्वी मात्र नावे वेगळी होती. ज्यांनी २००५ च्या सुमाराचा संगणक उघडून पाहिला असेल त्यांना राखाडी रंगाची रुंद पट्टीसारखी केबल आठवेल. त्या आयडीई केबलवर दोन डिस्क बसत, एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह, आणि कोणती कोण हे डिस्कच्या पाठीवरच्या इवल्याशा जंपरने ठरे. बोर्डावर अशा दोन केबलींची सोय असे. लिनक्स या चार जागांना एचडीए, एचडीबी, एचडीसी आणि एचडीडी म्हणे. नाव जागेला चिकटलेले होते. पहिल्या केबलवर स्लेव्ह नसेल तर एचडीबी हे नाव रिकामे राही, पण दुसऱ्या केबलवरची मास्टर एचडीसीच म्हणवली जाई.

एसडी हे नाव तेव्हाही होते, पण ते मोठ्या सर्व्हरमधल्या स्कझी डिस्कांचे. तिथे जागेला महत्त्व नव्हते. जी डिस्क आधी सापडेल ती ए. पुढे साटा डिस्क आल्या, यूएसबी आले, आणि लिनक्सने या सगळ्यांना स्कझीच्याच दारातून आत घेतले. २००७ च्या सुमारास मोठ्या वितरणांनी जुन्या आयडीई डिस्कही त्याच दाराने आणल्या. एका अपडेटनंतर लोकांच्या एचडीएची एसडीए झाली आणि जुनी नावे लिहून ठेवलेल्या मांडण्या जागोजागी अडल्या. जुना आयडीई ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, पूर्णपणे गेला तो २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत.

या बदलात काय झाले ते समजायला पुण्यातले स्वारगेटचे एसटी स्थानक उपयोगी पडते. तिथे फलाटांवर गावांच्या पाट्या असतात. कोल्हापूरची गाडी ठरलेल्या फलाटावर लागणार हे प्रवासी धरून चालतो. एचडीएचा काळ असा होता. पण दिवाळीच्या आधल्या संध्याकाळी जा. सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणच्या जादा गाड्या एकामागून एक आत येत असतात, आणि जी आधी येईल ती मिळेल त्या जागी लागते. अशा वेळी फलाटाच्या आकड्यावर भरवसा ठेवणारा माणूस चुकीच्या गाडीत चढतो. एसडीए आणि एसडीबी ही आजची नावे म्हणजे त्या संध्याकाळचे फलाट. संगणक सुरू होताना कर्नेल सगळ्या डिस्कांना जवळजवळ एकाच वेळी हाक मारतो. कोणती आधी ओ देईल हे डिस्कच्या वेगावर, केबलवर आणि त्या वेळी लावलेल्या पेन ड्राइव्हवर अवलंबून असते. काल एसडीए असलेली डिस्क आज एसडीबी झाली, तर ते बिघाडाचे लक्षण नाही. या नावाने क्रम टिकवायचे वचन कधी दिलेलेच नाही.

जाणता प्रवासी त्या गर्दीत गाडीच्या नंबर प्लेटकडे बघतो. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निघालेल्या अनेक गाड्यांवर एमएच १४ असते, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २०. गाडी कोणत्याही फलाटावर लागो, ती अक्षरे आणि आकडे बदलत नाहीत. आरक्षण केलेल्यांना मोबाइलवर गाडीचा नंबर मिळाला, तर ते थेट त्या गाडीशी जाऊन उभे राहतात. लिनक्समध्येही डिस्कला आणि तिच्या विभागाला असे न बदलणारे क्रमांक आहेत. ते कुठे पाहायचे आणि केव्हा वापरायचे एवढे कळले की या प्रणालीतली बरीचशी भीती जाते.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याला लागल्यावर एका कर सल्लागाराचे लहान कार्यालय आहे. संगणक दहा-बारा वर्षांचा, आत ५०० जीबीची जुनी डिस्क. तिच्यावर सी, डी, ई, आणि डीमध्ये अशिलांची विवरणपत्रे. आता २४० जीबीचा नवा एसएसडी बसवला आहे, त्यावर लिनक्स टाकायचे आहे आणि जुन्या डिस्कला धक्का लागू द्यायचा नाही. मिंटच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, टर्मिनल उघडले आणि एलएसबीएलके ही आज्ञा दिली. ही आज्ञा फक्त यादी दाखवते, काहीही बदलत नाही. तेव्हा ती कितीही वेळा निर्धास्त द्यावी. पडद्यावर साधारण असे दिसते:

एसडीए ४६५.८ जी डिस्क
एसडीए१ ५०० एम विभाग
एसडीए२ १०० जी विभाग
एसडीए३ १ के विभाग
एसडीए५ १८० जी विभाग
एसडीए६ १८५.३ जी विभाग
एसडीबी २२३.६ जी डिस्क
एसडीसी १४.५ जी डिस्क

पहिली शंका आकारांची. दुकानात ५०० जीबी सांगितलेली डिस्क ४६५.८ कशी? कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, आणि ही आज्ञा १०२४ च्या पटीत मोजते. त्याच हिशेबाने २४० चे २२३.६ होतात आणि एक टीबीचे ९३१.५. हे तीन-चार आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण डिस्क ओळखण्याची पहिली खूण आकारच असते. इथे ४६५.८ म्हणजे जुनी डिस्क, २२३.६ म्हणजे नवा एसएसडी. तो कोरा असल्यामुळे त्याच्याखाली एकही विभाग नाही. १४.५ म्हणजे १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्याचे विभाग इथे गाळले आहेत.

दुसरी शंका गाळलेल्या आकड्याची. एसडीए४ कुठे गेला? एसडीए३ फक्त एक किलोबाइटचा कसा? याचे कारण १९८३ मध्ये, पीसी डॉस २.० च्या वेळी ठरलेल्या मांडणीत आहे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये विभागांचा तक्ता ठेवला जाई आणि त्यात चारच ओळींना जागा होती. चारांहून जास्त विभाग हवे असतील तर एक ओळ 'विस्तारित' विभागाला द्यायची आणि उरलेले विभाग त्याच्या पोटात मांडायचे. लिनक्स १ ते ४ हे आकडे त्या चार ओळींसाठी राखून ठेवते आणि पोटातल्या विभागांना ५ पासून मोजते. इथे तिसरी ओळ विस्तारित आहे. एक किलोबाइट हा तिचा खरा आकार नाही, थेट तिच्यावर कोणी लिहू नये म्हणून ती तेवढीच दाखवलेली असते. चौथी ओळ वापरलेलीच नाही. मग विंडोजची अक्षरे जुळवता येतात: एसडीए२ म्हणजे सी, एसडीए५ म्हणजे डी, एसडीए६ म्हणजे ई. पहिला ५०० मेगाबाइटचा विभाग विंडोजने सुरू होण्यासाठी स्वतःकडे ठेवलेला होता, त्याला अक्षरच नव्हते. आणि तिन्ही अक्षरे एकाच डिस्कवर होती, हे त्या कार्यालयाला इथे पहिल्यांदा दिसते.

हाच संगणक नवा असता तर नाव वेगळ्या ठेवणीचे दिसले असते: एनव्हीएमई०एन१पी२. बोर्डावर आडव्या बसणाऱ्या च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या एसएसडीची ही नावे. पहिला आकडा कंट्रोलरचा, आणि तो शून्यापासून मोजतात. एननंतरचा आकडा कंट्रोलरने मांडलेल्या साठ्याचा आणि पीनंतरचा विभागाचा, हे दोन्ही एकपासून. मधले पी अक्षर यासाठी की डिस्कचे नावच आकड्याने संपते, आणि विभागाचा आकडा त्याला चिकटला तर वाचता येणार नाही. मोबाइलच्या मेमरी कार्डालाही हाच नियम आहे, एमएमसीबीएलके०पी१. यादीत लूप०, लूप१ अशा ओळी दिसल्या तर त्या सोडून द्याव्यात. त्या डिस्क म्हणून उघडलेल्या फाइली असतात.

आता न बदलणारे क्रमांक. विभाग फॉरमॅट करताना त्यावर एक ओळख कोरली जाते, तिला यूयूआयडी म्हणतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ या मांडणीत ती १२८ बिटांची असते आणि ८, ४, ४, ४, १२ अशा गटांत ३२ चिन्हांनी लिहितात. विंडोजच्या एनटीएफएस विभागाची १६ चिन्हांची, पेन ड्राइव्हवरच्या फॅटची मधोमध आडवी रेघ असलेली अवघ्या आठ चिन्हांची. त्यामुळे नुसत्या लांबीवरूनही विभाग कोणत्या घराण्यातला ते कळते. डिस्क दुसऱ्या केबलला लावा, दुसऱ्या संगणकात घाला, ही ओळख तिच्यासोबत जाते. पण ती धातूच्या डिस्कची नसून तिच्यावरच्या मांडणीची असते. पुन्हा फॉरमॅट केले की नवी येते. आणि एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर उतरवली तर दोघींची ओळख एकच होते. अशा दोन डिस्क एकाच वेळी जोडून ठेवल्या तर संगणकाने कोणती उघडावी याचा घोळ होतो, म्हणून प्रत काढल्यावर एक लगेच बाजूला काढून ठेवावी.

कोणता विभाग कुठे जोडायचा याची नोंद 'ईटीसी' फोल्डरातल्या एफएसटॅब या फाइलीत असते. आजची वितरणे तिथे एसडीए२ असे लिहीत नाहीत, यूयूआयडी लिहितात. जुन्या सूचनांवरून कोणी हाताने एसडीबी१ लिहिले आणि पुढच्या खेपेला क्रम पालटला, तर संगणक सुरू होताना त्या नावाची वाट बघत थांबतो. साधारण ९० सेकंद थांबून तो काळ्या पडद्यावर आपत्कालीन अवस्थेत उतरतो. सगळी डिस्क गेली असे वाटायला लावणारा हा पडदा बहुतेक वेळा एका ओळीच्या दुरुस्तीने जातो. बाहेरून जोडायच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द टाकला, तर ती डिस्क घरी राहिली तरी संगणक अडून बसत नाही.

बत्तीस चिन्हे कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी लेबल असते, म्हणजे आपण विभागाला दिलेले साधे नाव. ते मराठीतही देता येते, पण जागा मोजून. ईएक्सटी४ मध्ये लेबलला १६ बाइट राखलेले आहेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे जेमतेम पाच चिन्हे मावतात. 'पुणे' बसते: प, उकार, ण, मात्रा, असे बारा बाइट. 'स्वारगेट'ची आठ चिन्हे होतात, चोवीस बाइट, आणि शब्द मध्येच तुटतो. एनटीएफएसमध्ये ३२ आणि एक्सफॅटमध्ये ११ युनिकोड चिन्हांची सोय आहे, तिथे 'स्वारगेट' आरामात मावते. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीचे चिन्ह एकाच बाइटात बसे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने तेच वापरले होते. त्या हिशेबाने आठ बाइटांत काम झाले असते. जगभरच्या लिपी एकत्र नांदाव्यात म्हणून युनिकोड हवेच, पण ईएक्सटी मांडणीची ही १६ बाइटची चौकट आखली गेली तेव्हा नजरेसमोर रोमन लिपी होती, हे उघड आहे.

उरतो तो सर्वांत नाजूक प्रसंग, डिस्क पुसण्याचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे. लिनक्स नुकते आकार घेत होते. त्यांना मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा होता, आणि फोन लावण्याच्या सूचना चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्ककडे गेल्या. यंत्रे फाइलींच्या रूपात असतात, त्यामुळे डिस्कने त्या निमूटपणे लिहून घेतल्या, आणि तिथे असलेली मिनिक्स ही प्रणाली मोडली. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्यांनी लिनक्सच पुढे न्यायचे ठरवले. ज्याने ही प्रणाली लिहिली त्याच्या हातूनही हे होऊ शकते, तर नवख्याने जास्तच जपायला हवे. डीडी ही आज्ञा तर एसडीए आणि एसडीबी यांतल्या एका अक्षराच्या फरकाने सगळे पुसते आणि आधी एका शब्दानेही विचारत नाही.

म्हणून पुसण्याआधी अक्षर बाजूला ठेवायचे आणि यंत्राचा स्वतःचा क्रमांक बघायचा. एलएसबीएलकेकडे मॉडेल आणि सिरीयल हे रकाने मागून घेता येतात. हा सिरीयल क्रमांक कारखान्यात दिलेला असतो, फॉरमॅटने तो जात नाही, आणि डिस्कवरच्या कागदी लेबलवर तोच छापलेला असतो. त्या कार्यालयातल्या संगणकाचे झाकण काढावे, बॅटरीच्या प्रकाशात एसएसडीवरची शेवटची चार-पाच चिन्हे वाचावी आणि पडद्यावरच्या एसडीबीच्या ओळीशी ती जुळवावी. यूएसबी डबीत घातलेल्या डिस्कच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण काही डब्या डिस्कचा क्रमांक न सांगता स्वतःच्या चिपचा सांगतात.

अशिलांची विवरणपत्रे असलेल्या डिस्कसाठी मी याहून पुढे जाईन. विंडोज शेवटचे बंद करताना 'फास्ट स्टार्टअप' काढून टाकावे, नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहते आणि त्याचे विभाग लिनक्समध्ये लिहिण्यासाठी उघडत नाहीत. डीमधल्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग वीज बंद करून जुन्या डिस्कची साटा केबल उपटून ठेवावी आणि फक्त नवा एसएसडी जोडलेला असताना लिनक्स बसवावे. जी डिस्क दिसतच नाही ती चुकून पुसता येत नाही. पेन ड्राइव्ह सोडला तर त्या वेळी यादीत एकच डिस्क असेल, आणि तिचे नाव बहुधा एसडीए असेल. काम झाल्यावर केबल परत लावायची. आता जुनी डिस्क पुन्हा एसडीए झाली आणि लिनक्स असलेला एसएसडी एसडीबीवर गेला, तरी संगणक नेहमीसारखा सुरू होतो. एफएसटॅबमध्ये त्याच्या विभागाचा यूयूआयडी लिहिलेला असतो, आणि १८० जीबीचा तो जुना डी फाइल व्यवस्थापकाच्या डाव्या पट्टीत आपल्या लेबलसह, सगळ्या विवरणपत्रांसकट दिसतो.